सतरा नको, सोळा

केरळातल्या कांजिरपळ्ळीच्या बाजारात माझं सोनं गाळायचं दुकान आहे आणि त्याला लागून ग्रेसीचेचीचं, म्हणजे ग्रेसीताईचं, टायरचं. मी मूळचा विट्याकडचा. आमच्याकडची माणसं गलाईच्या धंद्यात देशभर पांगली, तसा मीही इथे येऊन पडलो, आणि आता मला रागसुद्धा मल्याळममध्ये येतो. शेजारी ग्रेसीचेची असल्यावर राग यायला निमित्त लागत नाही. ती दिवसभर कुणाशी ना कुणाशी भांडत असते आणि बहुतेक भांडणं एकाच गोष्टीवरून होतात. गिऱ्हाईकाला मोठी चाकं हवी असतात आणि ती द्यायला तयार नसते.

तिची पद्धत सगळ्या तालुक्याला ठाऊक आहे. गाडी दारात लागली की ती आधी गाडीकडे बघत नाही, माणसाला विचारते, "मागे कोण बसतं?"

रबराच्या बागांवर वाढलेली ही इथली पोरं. त्यांना हा प्रश्न अपमानासारखा लागतो. एक जण म्हणाला, "चेची, गाडी मी चालवतो, मागच्याचं काय घेऊन बसलीस?"

"अम्मच्ची बसते ना तुझी? कंबरेचं ऑपरेशन झालंय तिचं. पुढे बसून तू रुबाब करणार आणि मागे तिची हाडं मोजली जाणार. जा, आईला घेऊन ये. ती हो म्हणाली तर बसवते."

तो आईला घेऊन आला नाही. दुसऱ्या दुकानात गेला आणि महिन्याभरात वाकलेलं चाक घेऊन चेचीकडेच परत आला. तेव्हा तिनं त्याला पुन्हा सगळं ऐकवलं आणि वर कॉफी पाजली. माझ्या मते हा बावळटपणा आहे. गिऱ्हाईक हाकलून दुकान चालत नाही. पण तिचं चालतं, आणि माझ्यापेक्षा बरं चालतं, हेही खरं आहे.

टायरचं गणित मला तिनंच शिकवलं. टायरच्या अंगावर मापाचे तीन आकडे असतात. पहिला रुंदीचा. दुसरा म्हणजे त्या रुंदीच्या शेकडा किती रबर बाजूला उभं आहे. तिसरा आतल्या चाकाचा, इंचात. चाक मोठं घातलं तर दुसरा आकडा खाली आणायचा, म्हणजे बाहेरून टायर होता तेवढाच उंच राहतो. आणला नाही तर वळणावर टायर पत्र्याला घासतो आणि गाडीतला वेगाचा काटा खोटं बोलायला लागतो, गाडी पळते जास्त आणि काटा दाखवतो कमी. उलट फार खाली आणला तर रबर इतकं कमी उरतं की खड्ड्यातला दणका थेट चाकाला आणि माणसाला. या दोन्हींच्या मधलं माप शोधणं हे चेचीचं काम. एवढं साधं आहे, पण मोठ्या चाकाचं वेड डोक्यात गेलेल्या माणसाला ते कळत नाही.

तिच्या घरात असा एक माणूस होताच. तिचा धाकटा भाऊ साबू.

बाप गेला तेव्हा साबू शाळेत होता आणि ग्रेसीला एक चांगलं स्थळ आलेलं होतं. तिनं स्थळ परत पाठवलं आणि दुकानात बसली. दुकान कागदोपत्री साबूच्या नावावर, कारण इथेही बाप मुलालाच देतो. त्याबद्दल तिनं कधी तोंड वाकडं केलं नाही. आता साबू छत्तिशीला आला होता आणि त्याचं लग्न जमत नव्हतं. इथल्या मुली नर्स होऊन परदेशी जातात, टायरवाल्याला कोण विचारतो. जी तीन स्थळं आली त्यांनी एकच गोष्ट विचारली, बहीण दुकानात किती दिवस बसणार आहे? साबू त्यावर काहीतरी पुटपुटायचा आणि स्थळ जायचं.

मग मुंडक्कयमच्या पुढे घाटातलं एक स्थळ आलं. मुलगी जिन्सी, रबर उत्पादकांच्या सोसायटीत हिशेब बघते. मुलगी छानच होती, पण बाप वर्कीसार. हे गृहस्थ वाहन निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. नोकरीत असताना त्यांनी निम्म्या जिल्ह्याची बेकायदा मोठी चाकं उतरवली होती. त्यांची जीप लांबून दिसली की हौशी पोरं गाड्या रबराच्या बागेत घालायची.

अशा घरी मुलगी बघायला जायचं ठरलं आणि साबूनं जाहीर केलं की गाडीला सतरा इंची चाकं घालूनच जाणार.

"पंधराची चाकं म्हणजे टॅक्सी वाटते, चेची. मुलगी खिडकीतून बघणार ना आधी."

"अरे, मुलगी तुला बघणार आहे. चाकाशी लग्न लावायचंय का तिचं?"

"सतराची, आणि रबर पण भरपूर पाहिजे. भरलेलं दिसलं पाहिजे."

"भरपूर घातलंस तर पहिल्याच वळणावर घासेल. मापात घातलंस तर पुलाजवळच्या खड्ड्यात चाक चेपेल. कुठलं पाहिजे बोल."

मी मधे तोंड घातलं. म्हटलं, मूळचीच चाकं राहू द्या. म्हाताऱ्याला कशाला डिवचायचं? लग्न झाल्यावर काय हवं ते करा.

चेची माझ्यावरच उलटली. "म्हणजे पहिल्या दिवशी फसवायचं होय, सेठ? याला हौस आहे ना मोठ्या चाकांची? मग ती हौस त्यांना दिसू दे. फक्त चूक दिसायला नको."

तिनं सोळाची चाकं काढली. साबूचे मूळचे टायर १८५/६५ होते. तिनं १९५/५५ ठरवले. वहीत बघितलं नाही, कुणाला विचारलं नाही. जुन्या टायरभोवती सुतळी फिरवली, मग नमुन्याच्या टायरभोवती तीच सुतळी, आणि दोन्ही टोकं जिथल्या तिथे जुळली. याच गाडीच्या वरच्या मॉडेलला कंपनीच हे माप देते, त्यामुळे कायद्यालाही बोट ठेवायला जागा नव्हती. साबू तोंड फुगवून चाकं बसवायला लागला. तेवढ्यात चेचीनं टायरवर हात ठेवला आणि म्हणाली, "हे नको."

"आता काय झालं?"

"भाराचा आकडा बघ. मूळच्यावर अठ्ठ्याऐंशी आहे, ह्याच्यावर सत्त्याऐंशी. हा एवढं वजन पेलत नाही."

"एकाचा फरक आहे, चेची."

"कमी तो कमी. कोचीहून जाड बांधणीचा मागवते, एक्क्याण्णवचा."

ते टायर येईपर्यंत तिनं साबूला आणखी एका कामाला जुंपलं, दुकानाची सगळी माहिती पाठ करायला. कुठल्या डीलरला कधी फोन करायचा, कोण उधारी बुडवतो, कॉम्प्रेसर कुरकुरला तर कुणाला बोलवायचं. साबू वैतागला होता. मला वाटलं, बाई लग्नाच्या घाईत आहे. निघायच्या दिवशी सकाळी ती माझ्या दुकानात आली, कधी नव्हे ती हळू आवाजात बोलली.

"सेठ, हे जमलं की मी दुकान सोडणार. वयनाडला मावशी एकटी आहे, तिच्याकडे जाईन."

"डोकं फिरलंय का तुझं?"

"कुठल्याही मुलीला नणंद गल्ल्यावर बसलेली चालत नाही. बरोबर आहे त्यांचं. माझ्यापायी त्याची तीन स्थळं गेली. वर्कीसारांनी विचारायच्या आधी मीच सांगून टाकणार आज."

मला इतका राग आला की मी भट्टी बंद करून बाहेर जाऊन उभा राहिलो. जिनं दुकान उभं केलं तिनं पिशवी उचलून निघून जायचं, आणि हे सगळं ती पावसाचा अंदाज सांगावा तशा आवाजात सांगत होती. पण वडीलधारा म्हणून मला बरोबर न्यायचं ठरलं होतं. मी गाडीत चढलो.

साबू गाडी चालवत होता, चेची त्याच्या शेजारी बसून गिअर कधी बदलायचा ते सांगत होती, मी मागे. रस्ता कसा आहे ते मला कमरेनं कळतं. पुलाजवळचा खड्डा आला, गेला, आणि माझ्या हातातला मिठाईचा डबासुद्धा हलला नाही. मनात म्हटलं, बाई जाणार असेल तर निदान टायर चांगले देऊन चालली आहे.

वर्कीसार मुंडू नेसून ओसरीवर उभेच होते. नमस्कार झाला, आणि आम्हाला बसा म्हणायच्या आधी ते चष्मा लावून गाडीपाशी गेले. उकिडवे बसले. एकेका टायरवरून बोट फिरवत आकडे वाचले. खिडकीतून दोन डोळे बघत होते, ते साबूला दिसले आणि तो शर्ट सारखा करायला लागला.

"एक्क्याण्णव," वर्कीसार म्हणाले. "सत्त्याऐंशीचा का नाही घातला? स्वस्त पडला असता."

"मूळच्यापेक्षा कमी होता, सार," साबू म्हणाला.

"हं. चला, एक फेरी मारू. मी मागे बसतो."

चेची ओसरीवर थांबली आणि साबू, वर्कीसार आणि मी असे तिघे निघालो. रस्त्याकडेचा मैलाचा दगड आला की म्हातारा मान पुढे काढून काट्यावरचे किलोमीटर बघायचा, पुढच्या दगडाला परत बघायचा. घाटातल्या हेअरपिन वळणावर त्यानं मुद्दाम गाडी पूर्ण वळवायला लावली आणि कान देऊन ऐकत राहिला. काही घासलं नाही. परत येईपर्यंत मला माझ्याच लग्नापेक्षा जास्त भीती वाटली.

ओसरीवर कॉफी आली, अच्चप्पम आले, केळ्याचे वेफर्स आले. जिन्सी कप ठेवून बापाच्या खुर्चीमागे उभी राहिली. आत जा म्हणून कुणी सांगितलं नाही आणि ती गेलीही नाही.

"माप बरोबर आहे," वर्कीसार म्हणाले. "काटा बरोबर चालतो. माझ्या नोकरीत असं फार थोडं बघितलं मी. कुणी काढलं?"

"त्यानंच काढलं, सार," चेची चटकन म्हणाली. "दुकान आता तोच बघतो. आणि मी तर—"

"नाही, सार," साबू म्हणाला.

चेचीनं त्याच्याकडे असं बघितलं की त्याच्या जागी मी असतो तर गप्प बसलो असतो. साबू तिच्याकडे न बघता बोलत राहिला.

"मला सतराची हवी होती. ती घातली असती तर आज तुम्ही मला फाटकातूनच परत पाठवलं असतं. माप चेचीनं काढलं. सत्त्याऐंशीचा तर मी बसवायलाच घेतला होता, तिनं काढायला लावला. मी पंक्चर काढतो, चाकं बसवतो, ते मला चांगलं येतं. बाकी दुकान तिचं आहे."

"कागदावर तुझं आहे असं ऐकलं मी."

"कागदावर आहे. आणि ही बाई आठवडाभर मला डीलरचे नंबर पाठ करायला लावतेय, म्हणजे कुठंतरी निघून जायच्या बेतात आहे. मला काय कळत नाही असं वाटतं हिला." त्यानं हातातला कप खाली ठेवला. "सार, याआधी तिघांनी विचारलं तेव्हा मला धड बोलता आलं नाही. आज बोलतो. चेची दुकानात राहणार. हे धरून मुलगी द्यायची असेल तर द्या. नसेल तर कॉफी चांगली होती, आम्ही निघतो."

मी वेफर तोंडात टाकला होता, तो चावायचीही सोय राहिली नाही. वर्कीसारांनी चष्मा काढला, मुंडूच्या टोकानं पुसला आणि परत घातला.

"मी काय बोलणार," ते म्हणाले. "तुमच्या घरात राहायचंय ते हिला." आणि त्यांनी मुलीकडे मान वळवली.

जिन्सी साबूशी बोलली नाही. ती पुढे येऊन चेचीसमोर उभी राहिली. "चेची, मी सोसायटीतली नोकरी सोडणार नाही. शनिवारी मात्र दुकानात येईन. मला टायरचं काही कळत नाही. शिकवाल का?"

ग्रेसीचेची वाद न घालता लगेच हो म्हणाली. इतक्या वर्षांत हे मी पहिल्यांदा बघितलं. तिनं पोरीचा हात धरून ठेवला, तो बराच वेळ सोडला नाही. मग वर्कीसारांनी आत हाक मारून फणसाचे गरे आणायला सांगितले, आणि जमलं हे आम्हाला त्यावरून कळलं.

परत येताना चेची पुढे बसली नाही. माझ्या शेजारी मागे बसली. साबू उतारावर भलत्याच गिअरमध्ये गाडी हाकत होता, तरी तिनं त्याला टोकलं नाही. मुंडक्कयम आलं तेव्हा मला दिसलं की ती रडते आहे, तोंडाला पदर वगैरे न लावता, उघडउघड.

"आता कशाला रडतेस? सगळं मनासारखं झालं ना?"

तिनं नाक पुसलं. "जाताना मी दुकान देऊन टाकलं होतं, सेठ. खरंच मनापासून दिलं होतं," ती म्हणाली. "आता कुणी मागायला आलं, तरी मी द्यायची नाही."