माणिकरावांनी बांधलेला उतार

माणिकराव देशमाने साहेबांची आणि माझी ओळख गळक्या छतामुळे झाली. बांधकाम खात्यात शाखा अभियंता असलेले साहेब आमच्या तालुक्याच्या कचेरीत पाहणीला आले होते. दुपारची सुट्टी होती. सगळे खाली चहाला गेले होते आणि पोलिओमुळे कुबडीवर चालणारी मी, इथली कारकून, तेवढी टेबलाशी बसले होते.

"तुमी गेला न्हाईत, बाई?"

"उतरलं की पुन्हा तेरा पायऱ्या चढाव्या लागतात, साहेब. स्वच्छतागृहही खालीच. म्हणून मी दिवसभर पाणीसुद्धा पीत नाही."

त्यांनी जिन्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "ह्या पायऱ्या मीच बांधल्यात."

आठवड्याभरात त्यांनी पायऱ्यांशेजारी उताराचा, म्हणजे रॅम्पचा, प्रस्ताव पाठवला. तो शेरा मारून परत आला : अपंग नागरिक या कार्यालयात येत असल्याचे आढळत नाही. तेव्हापासून साहेब रजा टाकून दर सोमवारी फाटकाजवळच्या लिंबाखाली बसू लागले. पायऱ्या पाहून कोण माघारी जातं, ते त्यांना पाहायचं होतं.

तिथंच त्यांना रुक्मिणबाई भेटल्या. नांदूरघाटकडच्या. ऊसतोडीला गेल्या असता ट्रॉलीखाली सापडून त्यांचा एक पाय गेला होता. निराधारांच्या पगारासाठी, म्हणजे सरकारच्या मासिक मदतीसाठी, अधिकाऱ्यांपुढे हजर राहणं भाग होतं. भाऊ त्यांना पाठीवर घेऊन दोनदा वर चढला. दोन्ही वेळा अधिकारी दौऱ्यावर. तिसऱ्या वेळी रुक्मिणबाई पाठीवर बसायला तयार होईनात.

"लोकं बघत्यात. मी काय पोतं हाय का?"

साहेब स्वतः वर आले. अधिकाऱ्यांना म्हणाले, "बाई खाली बसल्यात. पाच मिनिटं उतरून बघा." उत्तर आलं, तसं नियमात बसत नाही. हा निरोप साहेबांनी शिपायाकडून धाडला नाही. खाली जाऊन, रुक्मिणबाईंसमोर जमिनीवर बसून सांगितला. त्या माघारी गेल्या. पुन्हा आल्या नाहीत.

मंजुरी यायला इतका काळ गेला की तोवर साहेब निवृत्त झाले होते. तरीही काम सुरू झाल्यावर ते रोज हजर. कंत्राटदार म्हणाला, "साहेब, लई जागा जाते, जरा उभा करू." साहेबांनी त्यालाच चाकाच्या खुर्चीत बसवून त्यानं केलेल्या खड्या उतारावर ढकललं. निम्म्यातच तो ओरडला. केलेलं काम फोडून पुन्हा झालं. उतार तयार झाला त्या दिवशी नारळ नाही, फीत नाही. साहेबांनी माझ्या टेबलावर पाण्याचा तांब्या ठेवला. म्हणाले, "प्या, बाई."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं रुक्मिणबाईंना आणायला गेलो. भावानं बाज टाकली.

"आक्का गेली की, साहेब. दोन वर्सं झाली."

"पगार?"

"न्हाई झाला."

परतीच्या वाटेवर साहेब एकच वाक्य बोलले, "मी उशीर केला." उशीर त्यांनी केला नव्हता, हे मी परोपरीनं सांगितलं. त्यांनी मान खिडकीकडे वळवली. आज इतक्या वर्षांनीही त्यांना ते पटलेलं नाही.

त्यांच्या पाठपुराव्यामुळे आणखी काही कचेऱ्यांत आणि एका शाळेत उतार झाले. पण एका ठिकाणी उतारावर मोटारसायकली उभ्या असतात, दुसरीकडे भंगार कपाटं. साहेब एसटीनं जातात, हात जोडून ती हलवायला लावतात. पुढच्या खेपेला ती पुन्हा तिथंच. पंचाहत्तरीच्या अशा गौरवग्रंथात हे लिहू नये म्हणतात. पण सगळं सुरळीत झालं असं लिहिलेलं साहेबांनाच खपणार नाही.

आज ते पंचाहत्तर वर्षांचे झाले. गुडघे थकलेत, हातात काठी आली आहे. त्यांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभावं, ही आम्हा सर्वांची मनापासून इच्छा आहे. आणि उद्या स्वतःच्या कामासाठी त्यांना एखाद्या कचेरीच्या दारात जावं लागलं, तर त्यांना खालून माघारी फिरावं लागू नये.