फाटकासमोरची मोटारसायकल

दौंडला आमच्या समोर राहणाऱ्या मावशींचं ज्याच्याशी वाजतं, त्याच्यासाठी त्या दर रविवारी चर्चमध्ये मोठ्यानं प्रार्थना करतात. नाव घेत नाहीत. "बापा, जो माणूस माझ्या फाटकासमोर मोटारसायकल लावतो, त्याला क्षमा कर," एवढंच म्हणतात, आणि सगळी मंडळी मिटल्या डोळ्यांनी माझ्याकडं बघते.

उन्हाळ्यात मी त्याच गाडीवरून पडलो. उजवा हात प्लास्टरमध्ये, घरात मी एकटा. दुपारी मावशी डबा घेऊन हजर. मटणाच्या रश्श्यात भाकरी कुस्करून देताना म्हणाल्या, "गाडी कुठं लावावी कळत न्हाई, आन् निघाला चालवायला!"

रोज डबा, रोज बोलणी. शेवटी मी विचारलं, "मावशी, एवढा राग आहे तर आणता कशाला?"

"राग हाय म्हणूनच आणते. लाडक्यांना जेवू घालायला येशू कशाला लागतोय?"

प्लास्टर निघालं. गाडी मी शहाण्यासारखी आत लावू लागलो. आता मावशी गोड हसतात, "बरा हायेस ना रं?" विचारतात आणि रिकाम्या हातानं पुढं जातात.

काल त्यांच्या घरातून रश्श्याचा वास आला. मी गाडी बाहेर काढली आणि त्यांच्या फाटकासमोर नेऊन लावली.