मारतो तो, प्रश्न तिला

संचिता घाग भांडखोर आहे, हे हाटकेश भागातल्या आमच्या समुपदेशन केंद्रात सगळ्यांना मान्य आहे. रिक्षावाल्याशी ती हिंदीत भांडते, किराणावाल्याशी मोडक्या गुजरातीत आणि आमच्याशी रत्नागिरीच्या खणखणीत मराठीत. समाजकार्य शिकलीय, पण गोड बोलणं काही तिला जमलं नाही. मला ती त्यासाठीच आवडते.

गेल्या वर्षी आमचे प्रमुख अथर्व सर यांनी केंद्रात येणाऱ्या बायकांच्या अनुभवांवरून संशोधन करायचं ठरवलं. प्रश्नही त्यांनीच तयार केला: मार खाऊनही बायका नवऱ्याच्या घरी परत का जातात? सुरुवात अंबिकापासून करायची होती. ती पॅकिंगच्या कारखान्यात कामाला. नवरा दिपेश तिला मारून घराबाहेर काढायचा, ती आमच्याकडे यायची आणि दोन दिवसांत परत जायची. या वेळी हात सुजवून आली होती. आता परत गेली तर तिची केस बंद करा, असं सरांनी बजावलं होतं.

संचिताने सरांचा प्रश्न तिला विचारला. अंबिका गोंधळलीच.

"माझं घर आहे ताई ते," ती म्हणाली. "माझ्या घरी मी नाय जाणार?"

संचिता तडक सरांच्या खोलीत गेली. मीही मागोमाग गेले, कारण असा तमाशा चुकवणं माझ्या स्वभावात नाही.

"सर, मारतो तो. मग प्रश्न तिला का?" ती म्हणाली. "हे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. तो घराबाहेर का निघत नाही, हे विचारूया."

सर म्हणाले, संशोधकाने कोणाची बाजू घ्यायची नसते. त्यावर संचिता म्हणाली, तुमच्या प्रश्नाने दिपेशची बाजू केव्हाच घेतलीय. सरांचा चेहरा उतरला आणि खरं सांगते, मला आनंद झाला. त्यांनी तिला संशोधनातून काढलं. खुशाल काढा, म्हणाली. अंबिकाची केस मात्र तिने सोडली नाही.

मारणाऱ्या नवऱ्याला घराबाहेर राहण्याचा आदेश कोर्ट देऊ शकतं, हे आम्हाला काय ठाऊक नव्हतं? तरी आम्ही केंद्रात येणाऱ्या बायकांचीच समजूत घालत बसलेलो. संचिताने अंबिकाकडून अर्ज करवला आणि प्रत्येक तारखेला रजा टाकून तिच्यासोबत गेली. तोवर अंबिका बहिणीकडे राहिली. अखेर आदेश आला.

पोलीस तो घेऊन घरी गेले, तेव्हा आम्हीही अंबिकासोबत होतो. दिपेश कपडे घेऊन बाहेर आला आणि संचितावर खेकसला, "मी जाऊ कुठे आता?"

संचिता तोंड उघडणार, तोच अंबिका बोलली. "मला बाहेर काढलंस, तेव्हा नाय पडला हा प्रश्न?"

ती आत गेली आणि तिने कडी घातली.