तळघरातला मोठा स्टोव्ह

पुण्यातल्या आमच्या नातेवाइकांत एक गोष्ट अजून चघळली जाते. मुलीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला गेलेल्या सासूला माझ्या जावयाने म्हणे तळघरात ठेवलं आणि खर्च वाचवायला कसलातरी भंगार स्टोव्ह लावून तिला थंडीत खोकत बसवलं. ही गोष्ट सगळ्यांत रंगवून सांगते ती माझी मेव्हणी. सिंगापूरला मुलाच्या घरी बसून मी ती फोनवर कितीतरी वेळा ऐकली आणि दर वेळी ‘हं’ म्हणालो. गोष्ट खोटी आहे. तो स्टोव्ह मी निवडला होता.

आधीच सांगतो, जावई मला आवडत नाही. तेव्हा आवडत नव्हता, आजही नाही. समोरच्याचं वाक्य तो पुरं होऊ देत नाही, आणि बहुतेक वेळा त्याचंच बरोबर निघतं. त्याच्या बाजूने मी लिहीत नाही आहे. जे झालं तेवढंच लिहितो आहे.

तो आणि माझी मुलगी तेव्हा इथेच सिंगापुरात, जुरोंग ईस्टला राहत होते. कंपनीने त्याची अमेरिकेच्या उत्तरेकडच्या एका गावात बदली केली. मुलगी गरोदर होती. तिच्या आईने, म्हणजे माझ्या बायकोने, हिवाळाभर तिथे जाऊन राहायचं ठरलं होतं. नव्या घराच्या वरच्या मजल्यावर जागा कमी, म्हणून तिची खोली बेसमेंटमध्ये. तिथे हीटर नव्हता.

बायको मुलीचं सामान बांधायला जुरोंगला गेली होती त्या दुपारी जावई आमची बॅग परत द्यायला आमच्याकडे, तोआ पायोहला आला. आम्ही बिल्डिंगखालच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांच्या गर्दीत, कॉफी घेत बसलो. तो फोनवर स्टोव्ह बघत होता. लाकडाच्या भुशाच्या दाबून केलेल्या बारीक कांड्या जाळणारा, पेलेट स्टोव्ह. मी जन्मभर एसीचा धंदा केला, आधी पुण्यात, मग इथे. कुठल्या खोलीला किती टनाचा एसी हे नातेवाईक आजही मला विचारतात. याने विचारलं नाही, आणि तेच मला झोंबलं.

“कोणता घेताय, जावईबापू?”

“सगळ्यांत लहान.”

“लहान? बर्फात?”

“बेसमेंट आहे, बाबा. तीन बाजूंना माती आहे, ती बाहेरच्या हवेइतकी गार होत नाही. खिडकी एकच. मोठा घेतला तर खोली पटकन तापते, तो बंद होतो, खोली गार पडते, परत पेटतो. मंद ठेवला तर नीट जळत नाही, काजळी धरतो. लहान असला की दिवसभर सारखा जळत राहतो.”

आता माझी चूक सांगतो, कारण ती अडाण्याची नव्हती, धंद्याची होती. पुण्यात हॉलचा एसी कोणी घरातल्या चौघांसाठी घेत नाही. गणपतीला येणाऱ्या पाहुण्यांसाठी घेतात. खोली मोजायची आणि लगेच विचारायचं, माणसं किती? माणसं वाढली की मशीन एक नंबर मोठं. हे माझ्या अंगात इतकं मुरलेलं की मी विचारलं, “बारसं कुठे करणार?”

“खालीच. वर जागा नाही.”

“मग बारशाला येणाऱ्या माणसांचं काय? त्यांचा हिशोब धरलात?”

त्याने फोन टेबलावर ठेवला. “बाबा, माणसं काय बर्फाची असतात?” आणि हसला. “माणसं आली की खोली आपोआप तापेल. तुमचं गणित उलटं आहे.”

त्याचं बरोबर होतं. मला ते त्याच क्षणी कळलं. मी थांबायला हवं होतं. शेजारच्या टेबलावरच्या चिनी म्हाताऱ्याने आमच्याकडे मान वळवली, त्याला मराठी कळत नव्हतं तरी माझे कान तापले.

मी म्हणालो, “तुमची आई राहणार असती तर मोठाच घेतला असता.”

त्याचं हसू गेलं. कॉफी अर्धी टाकून त्याने फोन उचलला, विकणाऱ्याच्या पानावरचा सगळ्यांत मोठा स्टोव्ह उघडला आणि माझ्यासमोर धरला. “हा?”

“हाच.”

“ठीक आहे. विषय संपला.”

बारशाच्या दिवशी स्टोव्ह बंद करूनही लोक घामाघूम होऊन वर पळाले, असं मुलीने हसत फोनवर सांगितलं. बाकीचे दिवस कोणी हसलं नाही. खोली भट्टीसारखी तापायची, मग गार पडायची. स्टोव्ह मंद ठेवला की त्याची काच काळी व्हायची आणि जळका वास यायचा. बायकोला खोकला लागला तो जाईना. ती ठरलेल्या दिवसांआधीच परत आली. बहिणीला फोनवर म्हणाली, “चिकटपणा केला गं त्याने.” मी शेजारीच बसलो होतो. जावयाने हॉकर सेंटरमधलं बोलणं मुलीलासुद्धा सांगितलं नव्हतं. मग मी तरी का सांगायचं, असं मी मनाशी म्हणालो. हा विचार किती हलका होता ते मला तेव्हाही माहीत होतं.

पुढे मुलीला पुन्हा दिवस गेले. जावयाने तोपर्यंत लहान स्टोव्ह बसवला होता. मुलीने आईला बोलावलं. मेव्हणी फोनच्या स्पीकरवर ओरडत होती, “मुळीच जाऊ नकोस! त्या कंजुषाच्या तळघरात मरायला?” बायको मान डोलावत होती. ती नाही म्हणणार हे मला दिसत होतं.

मी म्हणालो, “स्टोव्ह मी निवडला होता. जावई लहानच घेत होता.”

 मेव्हणी म्हणाली, “भाऊजी, जावयाला पाठीशी घालू नका.”

बायकोने फोन बंद केला. “काय बोललात तुम्ही त्याला?”

मी शब्दन् शब्द सांगितला. त्याच्या आईवरून बोललो तेही.

“अहो, महिनाभराहून जास्त त्याच्या घरात राहिले मी. त्याच्याशी एक शब्द धड बोलले नाही. रोज सकाळी तो खाली येऊन ती काजळी खरवडायचा, आणि मी भिंतीकडे तोंड करून झोपल्याचं सोंग करायचे.”

“मला काय माहीत...”

“गप्प बसा.”

ती फोन घेऊन आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. बऱ्याच वेळाने बाहेर आली. जावयाशी काय बोलली ते मी विचारलं, तिने सांगितलं नाही. कपाटावरची बॅग काढून द्या, एवढंच म्हणाली.