खोकल्याचा कानसेन

एका मेणबत्तीचा जीव वाचवायला गेलो आणि आईचा जवळजवळ घेतला.

दोष थोडा माझ्या बायकोच्या मामांचाही. खोकल्यावर इतकं प्रेम करणारा माणूस त्या काळी अख्ख्या मुंबईत नव्हता. घाटकोपरला त्यांची जंतू तपासायची दोन खोल्यांची लॅब होती. रस्त्यात कुणी खोकलं की मामा मान कलती करून, डोळे मिटून ऐकत. जुहूला भेळ खाताना शेजारचे गृहस्थ खोकले, तर मामांनी पुरी हातातच ठेवून म्हटलं, "वा! पुन्हा एकदा होऊ द्या." ‘हवा बदलली म्हणून खोकला’ असं कुणी म्हटलेलं त्यांना खपत नसे. म्हणत, "खोकला म्हणजे दारावरची थाप. कोण आलंय ते न बघता काठी उगारायची नाही."

त्या हिवाळ्यात मुलुंडला आमच्या आईला न्यूमोनिया झाला. डॉक्टरांची दोन औषधं हरली. ताप उतरेना, आई डोळे उघडीना. कुठला जंतू ते कळल्याशिवाय तिसरं औषध देण्यात अर्थ नाही, असं ते म्हणाले, म्हणून तिचा बेडका बाटलीत घेऊन मी मामांकडे धावलो.

दुपारची वेळ. निळ्या पडद्यांतून पाण्याखालच्यासारखा उजेड झिरपत होता. मामांनी जंतू वाढवायच्या लाल जेलीच्या काचेच्या बशीवर बेडका हळुवार पसरला, बशी बरणीत ठेवली, शेजारी नखाएवढी मेणबत्ती लावली, झाकण घातलं आणि दार वाजलं म्हणून बाहेर गेले. ज्योत मिणमिणू लागली. घरात आई तशी, आणि इथे डोळ्यांदेखत दिवा विझतोय! मी झाकण काढलं. ज्योत तरारली, सुखाने शेवटपर्यंत जळली. मामा यायच्या आत झाकण लावून मी साळसूद बसलो. त्यांनी बरणी उबेच्या कपाटात ठेवली.

दुसऱ्या दिवशी बशी कोरी. मामांचा चेहरा उतरला. "जंतू रुसला की काय हो?" त्यांना धीर द्यावा म्हणून मी म्हटलं, "काळजी नको मामा, ज्योत मी विझू दिली नाही."

"अहो जावईबापू, विझण्यासाठीच तर लावली होती! त्या कोंडलेल्या हवेतच तो वाढतो!"

मामा स्वतः मुलुंडला आले. आईला उठवून, पाठ थोपटत पुन्हा खोकायला लावलं. या वेळी जंतू उगवला. मामांनी मला सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. जांभळ्या ठिपक्यांच्या जोड्या, संध्याकाळी समुद्रावर फिरायला निघाल्यासारख्या. "किती देखणे आहेत, नाही?" मामा पुटपुटले. आई त्या जंतूंपायीच तळमळत होती, तरी मला क्षणभर नजर काढवेना. इतक्या प्रेमाने शत्रूकडे बघणारा माणूस पुन्हा भेटला नाही.

तिसरं औषध लागू पडलं. आई उशीला टेकून पेज प्यायला लागली, तेव्हा मामा तिच्याजवळ बसून त्या जंतूचे पराक्रम, माझ्या मेणबत्तीच्या गोष्टीसकट, रंगवून सांगू लागले. आईने वाटी खाली ठेवली, माझ्याकडे एकदा बघितलं.

"जंतूचा काय सांगतास, मामा? माका मारूक ह्यो एकटो पुरो होतो!"