सातनंतरचा फोन

आमच्या घरात संशय घ्यायचं खातं पहिल्यापासून माझ्याकडे आहे. दूधवाल्याच्या मापापासून पाहुण्यांच्या गोड बोलण्यापर्यंत सगळं मी दोनदा तपासते. त्यामुळे धाकट्या बहिणीचं ईट गावच्या मुलाशी जमलं, साखरपुडा झाला, तरी माझ्या जिवाला स्वस्थता नव्हती. मुलगा दिसायला चांगला, बोलायला त्याहून चांगला. एवढं चांगलं मला पचत नाही.

लग्नाच्या पत्रिका छापायला टाकायच्या, त्याच आठवड्यात बहिणीला फोन यायला लागले. बाईचा आवाज, अगदी मऊ. होणाऱ्या नवऱ्याचं नाव घेऊन म्हणायची, "त्यांचा फोन लागत नाही. आम्हाला फोन करा म्हणून निरोप द्याल का?" कशासाठी विचारलं की, "ते तुम्हाला सांगता येणार नाही, ताई. त्यांचं खासगी आहे."

खासगी! माझं डोकं भणभणलं. याची कुठंतरी भानगड आहे आणि ही बया आमच्याच पोरीच्या हाती निरोप धाडतेय, अशी माझी खात्रीच पटली. पुढचा फोन मी हिसकावून घेतला.

"तुमचं त्यांचं नातं काय?"

"नातं नाही, मॅडम. ऑफिसमधून बोलतेय."

कसलं ऑफिस, तेही सांगेना. मी तिला नाही नाही ते बोलले. ती शेवटपर्यंत 'मॅडम'च म्हणत राहिली. मला त्याचाही संशय आला.

आमच्या वाशीसारख्या लहान गावात असली गोष्ट गल्लीभर व्हायला वेळ लागत नाही. मी बहिणीला म्हटलं, "आत्ता लाव त्याला फोन. माझ्यासमोर."

"आक्का, तू मधी बोलायचं न्हाय," म्हणत तिनं स्पीकर लावला.

तिनं एवढंच सांगितलं, की एका बाईचा फोन येतोय, तुम्हाला निरोप आहे. तो पलीकडून उसळलाच. "किती वाजता आला? सातच्या नंतर? सातनंतर वसुलीवाल्यांना फोन करताच येत न्हाय! आन् घरच्या मान्साला तर मुळीच न्हाय. नियम हाय तसा. थांब, तक्रारच ठोकतो!"

तोवर आमच्यापैकी कुणी वसुलीचा 'व'सुद्धा काढला नव्हता. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हे.

त्याच्याही ते ध्यानात आलं असावं. आवाज एकदम उतरला. "लई न्हाय गं. थोडं कर्ज हाय. घेताना कुणाचा तरी नंबर द्यावा लागतो, तुझा दिला."

भानगड बाईची नव्हती, तेव्हा मला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. कुणाचं कर्ज, कशासाठी, कधीपासून, सगळं जिभेवर आलं होतं. बहिणीनं हातानंच मला गप्प केलं.

"त्या बाईला नियम हाय, मला सांगायचं न्हाय म्हणून," ती म्हणाली. "तुम्हाला कुठला नियम आडवा आला?"

तिनं फोन ठेवला नाही, उत्तराची वाट बघत हातात धरून बसून राहिली. आणि आयुष्यात पहिल्यांदा मला मनापासून वाटलं, देवा, याचं उत्तर खरं निघू दे.