डोहाळजेवणाची कमळं

"एनएस-वन पॉझिटिव्ह आलंय," डॉक्टर म्हणाले. "म्हणजे डेंग्यू." माझी मुलगी सायली पोटावर हात ठेवून तपासणीच्या टेबलावर आडवी होती. आठवा महिना नुकताच लागला होता. तिने पहिला प्रश्न बाळाचा विचारला. उत्तर देण्याआधी डॉक्टरांनी रिपोर्ट पुन्हा एकदा वाचला, आणि ते मला आवडलं नाही.

एनएस-वन ही रक्ताची तपासणी. डेंग्यूचा विषाणू अंगात असेल तर तापाच्या पहिल्या दिवसांतच ती सांगते. हे आणि पुढचं सगळं आता मला पाठ आहे. तुमच्या घरी असा ताप आला तर उपयोगी पडावं म्हणून लिहिते आहे. मन मोकळं करायला नाही. ते व्हायचं नाही.

सायली सावंतवाडीला दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून ती आमच्याकडे आली होती. मालवणपासून थोडं आत आमची आंब्याची कलमं आहेत आणि घराला लागून हिरव्या जाळीखाली रोपवाटिका. रोपवाटिका म्हणजे नवऱ्याचा जीव. त्यातही कमळांचे टब. माझ्या दोन्ही बाळंतपणांत हा माणूस माझ्या उशाशी जेवढा बसला नसेल, तेवढा एका कळीपाशी बसतो. कमळं किनाऱ्यावरच्या हॉटेलांत जात, चार लोक कौतुक करत, आणि तो दिवसभर फुगून फिरत असे.

साठलेलं पाणी म्हटलं की डास आलेच. वाडीतल्या आशाताईंनी दोन वर्षांपूर्वी आरोग्य केंद्रातून गप्पी मासे आणून प्रत्येक टबात सोडले होते. गप्पी डासांच्या अळ्या खातात. तेव्हापासून मी निर्धास्त होते. शेजारणीच्या फुटक्या बादल्यांवरून मी तिला ऐकवतही असे.

नवरात्रात डोहाळजेवण केलं. नवऱ्याने टबांच्या मधोमध पाट मांडून घेतला, सायलीच्या ओटीत कमळं घातली, भोवती कमळं मांडली. संध्याकाळ उतरेपर्यंत फोटो चालले होते. तिच्या पायांना काहीतरी चावत होतं. ती दोनदा खाजवायला वाकली आणि फोटो काढणाऱ्याने दोनदा तिला सरळ बसायला सांगितलं.

आठवड्याभरात ताप भरला. डोळ्यांच्या मागे दुखत होतं, कंबर मोडून आली होती. बाईमाणूस दमली, दुसरं काय, असं मीच म्हटलं. तरी दुसऱ्या दिवशी मालवणात रक्त तपासलं आणि तिथून थेट कुडाळला दाखल केलं. डॉक्टरांनी बजावलं की तापाला फक्त पॅरासिटामॉल. अंगदुखीच्या बाकीच्या गोळ्यांनी रक्तस्राव वाढतो. घरात असतील तर आजच टाकून द्या.

त्यांनी विचारलं, "घराजवळ पाणी साठतं का?"

मी तोऱ्यात सांगितलं, "टब आहेत, पण सगळ्यांत गप्पी मासे आहेत."

नवरा माझ्या शेजारी उभा होता.  मला वाटलं, मुलीच्या काळजीने गप्प आहे.

चौथ्या दिवशी ताप उतरला. मी पेज करून आणली, जावयाला, नीलेशला, फोन करून आनंदाने सांगितलं. इथे नीट वाचा. डेंग्यूत ताप उतरतो तेव्हाच खरं संकट सुरू होतं, आणि हे डॉक्टरांनी मला आधी सांगितलं होतं. कानांनी ऐकलं, पण पेजेचा टोप हातात असताना ते आठवलं नाही. संध्याकाळी सायलीचं पोट दुखायला लागलं. चूळ भरली तर पाणी लाल. लघवी कमी झालेली.

"प्लाझ्मा लीकेज," डॉक्टर म्हणाले. रक्तातलं पाणी शिरांतून झिरपतं, पोटात आणि छातीत साचतं, आणि उरलेलं रक्त दाट होतं. किती दाट झालं ते हिमॅटोक्रिट नावाच्या तपासणीत कळतं. बाहेर लोक मात्र प्लेटलेट्सचा आकडा तेवढा विचारतात. प्लेटलेट्स म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, त्या महत्त्वाच्या आहेतच. पण तुम्ही आकडा विचारत बसू नका. माणूस लघवीला गेलं का, पोट दुखतंय का, शुद्धीवर आहे का, ते बघा.

सायलीला आत अतिदक्षता विभागात हलवलं. आम्ही बाहेरच्या बाकांवर बसलो. भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. कुणी पपईच्या पानांचा रस आणला, कुणी कुणाच्या मेलेल्या भाच्याची गोष्ट आणली. तिथेच, एक बाई उठून गेल्यावर, नवरा जमिनीकडे बघत म्हणाला, "मासे नाय हत टबात."

"म्हणजे?"

"मेले. कमळांवर मावो पडलेलो. आंब्याचा औषध मारलंय थोडा. तिच्या डोहाळजेवणाक फुला चांगली व्हयी होती."

आंब्याच्या मोहोरावर तुडतुडे पडतात, त्यांच्यावर मारायचं औषध. ते त्याने टबांतल्या कमळांवर फवारलं. मावा मेला आणि मासेही मेले. मेलेले मासे त्याने माडाच्या आळ्यात पुरले, टब उपसून स्वच्छ पाणी भरलं आणि मला सांगितलं नाही. मी चार शब्द ऐकवले असते म्हणून. डेंग्यूच्या डासाला स्वच्छ पाणीच लागतं. औषधाचा अंमल उतरला तसे डास परत आले. नवे गप्पी डोहाळजेवण उरकल्यावर आणायचे त्याच्या मनात होतं.

बाकावर माणसं होती, म्हणून मी त्याला मारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नर्स डॉप्लर घेऊन आली. पोटावर फिरवून बाळाचे ठोके ऐकायचं ते यंत्र. ती फिरवत राहिली. ऐकू येत होते ते सायलीच्याच नाडीचे ठोके. सोनोग्राफी झाली. डॉक्टरांनी मला आणि रात्री येऊन पोचलेल्या नीलेशला बाहेर बोलावलं. "आययूडी," ते म्हणाले, आणि लगेच मराठीत सांगितलं, "बाळ पोटातच गेलंय."

मी म्हटलं, मग आता काढा. ते म्हणाले, "आत्ता काढायला गेलो तर रक्तस्राव थांबवता येणार नाही, मुलगीही जाईल. प्लेटलेट्स वर येईपर्यंत थांबावं लागेल."

दोन दिवस माझी मुलगी मेलेलं बाळ पोटात घेऊन पडून होती. तिला सांगितलेलं होतं. ती छताकडे बघायची आणि कूस बदलताना पोटाखाली हात धरायची, रोजच्या सवयीने. कुणा अनोळखी माणसाने रक्तपेढीत येऊन दिलेल्या प्लेटलेट्स तिला चढवल्या. त्या माणसाचं नाव मला माहीत नाही, पण देवासमोर हात जोडते तेव्हा मी त्याच्यासाठीच जोडते.

नंतर कळा आणून प्रसूती केली. मुलगी होती. डोक्यावर भरपूर केस. नीलेशने गुंडाळलेलं बाळ घेतलं. नवरा पुढे झाला आणि त्याने दोन्ही हात पसरले.

"तुमी नको," मी म्हटलं. तो मागे सरला, आणि नीलेश बाळाला घेऊन गेला.

सायली वाचली. ती थोडी बसती झाली त्या दिवशी मी तिला माशांचं सांगितलं. तिला कळायला हवं होतं, असं मी लोकांना सांगते. खरं म्हणजे रागात मला सोबत हवी होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाबांनी मुद्दाम नाय केला गो." मग दूध आहे का विचारलं. तिच्या अंगावर दूध आलं होतं आणि तिला प्यायला दूध हवं होतं. मी थर्मास उघडला.

घरी परतलो तर बायका समाचाराला आल्या. एकीने सांगितलं, "वर्साभरात पाळणो हलतलो बघ." मी तिला चहा दिला नाही.

नवऱ्याने पहार घेतली, टब फोडायला. मी ती हातातून काढून घेतली. "फोडू नकात. रोज बघा." फोडून मोकळं व्हायचं होतं त्याला. आता दर आठवड्याला तो एकेक टब उपसतो, आतली कड काथ्याने घासतो. डासाची अंडी कडेला चिकटतात आणि सुक्यातही महिनोन्महिने तग धरतात, म्हणून नुसतं पाणी ओतून भागत नाही. जाळीखालच्या कुंड्यांच्या बशा, करवंट्या, पाइपाचं टोक, सगळं बघतो. गप्पी नवे आणले आहेत. कीड पडली तर पान हाताने पुसायचं, फवारा नाही. मी बाजूला उभी राहते. त्याची कंबर दुखते ते मला दिसतं.

आजाराने माणूस मऊ होतो म्हणतात. सायली झाली असेल. मी डॉक्टरांची, नर्सताईंची जन्मभर ऋणी आहे, आणि ताप उतरला म्हणून खूश होणाऱ्या प्रत्येकाला आता मी अडवून सांगते. एवढाच माझ्यात फरक.

आता सायलीला पुन्हा दिवस गेले आहेत, आणि नववा लागला आहे. बाळंतपण सावंतवाडीलाच, सासरी. परवा तिचा फोन आला. "आई, तू लवकर ये. आणि बाबांकव घेऊन ये गो. एकटे काय करतले थंय?"

काल मी बॅग भरत होते. नवरा दारात येऊन उभा राहिला. इस्त्रीचा शर्ट घातला होता. 

"माका बोलावल्यान काय?" त्याने विचारलं.

"नाय," मी म्हटलं.

त्याने मान हलवली. बॅगेची चेन अडकली होती. तो खाली बसला आणि ती मला लावून दिली.